शिंपला ते चुना, चुना ते शिंपला : मोलच्या हिशेबाची वही

१८ नोव्हेंबर २०२४

अकरावीच्या गटासाठी प्रदर्शनाचा प्रकल्प ठरला. तिसऱ्यांचे शिंपले भाजून कळीचा चुना करायचा, तो पाण्यात विझवायचा, विझलेला चुना हवेत ठेवून त्याचं परत कार्बोनेट होऊ द्यायचं, आणि या सगळ्या फेरीत कॅल्शियम किती मोल आहे ते प्रत्येक टप्प्यावर मोजायचं.

मोल, म्हणजे कणांची एक ठरलेली प्रचंड संख्या (डझनासारखीच, फक्त खूप मोठी), नववीतच भेटलेला असतो. मुलं गणितं सोडवतातही: दिलेले ग्रॅम भागिले रेणुवस्तुमान, उत्तराखाली दोन रेघा. पण 'हे भागून तुला नेमकं काय मिळालं?' असं विचारलं की वर्ग गप्प. माझ्या मते यात मुलांचा दोष कमी, गणितांचा जास्त. 'अमुक ग्रॅमपासून तमुक किती ग्रॅम' या प्रश्नात मोल मधल्या पायरीवर डोकावून निघून जातो. तो ज्यात टिकून राहतो आणि ग्रॅम मात्र बदलत राहतात, असं काहीतरी हातात द्यायला हवं होतं. चुन्याची फेरी त्यासाठी अगदी बरोबर आहे.

कागदावरचा हिशेब आधीच फळ्यावर लिहून ठेवला. १ मोल कॅल्शियम धरून: कार्बोनेट १००.०९ ग्रॅम; भाजल्यावर कळीचा चुना, म्हणजे ऑक्साइड, ५६.०८ ग्रॅम, पाणी प्यायल्यावर हायड्रॉक्साइड ७४.०९ ग्रॅम, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला की पुन्हा १००.०९.

शिंपले एका मुलीने घरून आणले, पिशवीभर. तिच्या घरी मासळीचा धंदा आहे, त्यामुळे कच्च्या मालाची चिंता मिटली. कोकण-गोव्यात शिंपले जाळून चुना काढायची रीत जुनीच. घराच्या भिंतीला तोच आणि पानालाही तोच. मुंबईतल्या चुनाभट्टीचं नावही अशाच भट्ट्यांवरून पडलेलं.

१९ नोव्हेंबर

शिंपले घासून, उकळून, उन्हात वाळवले. आतला चिकटलेला स्नायू सुरीने काढावा लागतो, नाहीतर नंतर त्याचंच वजन होतं. उद्या विधानसभेचं मतदान, इमारत केंद्रासाठी दिलेली आहे. लॅबचं सामान काकांनी दुपारीच कुलपात टाकलं.

२१ नोव्हेंबर

आज फक्त एक वजन केलं, पण पुढच्या प्रत्येक आकड्याचा जामीन तेच आहे.

शिंपल्यातलं कार्बोनेट मोजायचं तर आम्ल लागणार. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर '३५ ते ३७ टक्के' लिहिलेलं असतं, आणि बाटली उघडली की धूर निघून आकडा आणखी खाली येतो. म्हणजे आम्ल किती मोल आहे हे अल्कने मोजून ठरवायचं. अल्क म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. त्याच्या गोळ्या वजन करता करता ताटलीतच ओल्या होतात, वर हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढतात. तेव्हा तेही वजन करून चालत नाही. ज्याचं वजन करून मोल सांगता येतील असा एक भरवशाचा पदार्थ साखळीच्या टोकाला लागतोच. शाळा-कॉलेजात तो मान ऑक्झॅलिक आम्लाचा: स्फटिक कोरडे, हवेत टिकणारे, आणि प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू ठरलेले. ते दोन पाणी धरून रेणुवस्तुमान १२६.०७. पाणी विसरलं तर ९०.०३, आणि पुढचं सगळं ४० टक्क्यांनी चुकतं.

वजन: १.५८३ ग्रॅम. (ठरवून १.५७६ घ्यायला मुलं चमच्याने कण कण काढत-घालत बसली होती. तशी गरज नसते. जे आलं ते नीट लिहायचं.)

१.५८३ ÷ १२६.०७ = ०.०१२५५६ मोल. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी. मोलरता, म्हणजे लिटरमागे मोल, ०.०५०२२.

पाणी 'टाकायचं' २५० मिली, की 'करायचं' २५० मिली, यावर थोडा वाद झाला. करायचं. लिटरमागे मोल हा हिशेब तयार द्रावणाच्या लिटरमागे असतो.

२२ नोव्हेंबर

सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण अंदाजे ०.१ मोलरचं केलं. पिपेटने २५.० मिली ऑक्झॅलिक शंकूपात्रात, फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कात गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब, ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेल्या मापाच्या नळीत) अल्क. फिकट गुलाबी रंग टिकला तेव्हा वाचन २५.५ मिली. तीन वेळा जुळलं.

इथे गट दोन भागांत फुटला. निम्म्यांनी सवयीने 'एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू' (मोलरता गुणिले आकारमान, दोन्हीकडे सारखं) लावलं आणि उत्तर ०.०४९ काढलं. बाकीच्यांनी ०.०९८. ऑक्झॅलिकच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन लागतात, ही गोष्ट त्या सूत्रात कुठेच नाही. मी त्यांना सूत्र पुसायला लावलं आणि वहीत तीन ओळी लिहायला सांगितल्या:

ऑक्झॅलिक: २५.० मिली × ०.०५०२२ = १.२५६ मिलिमोल (मोलचे हजारावे भाग)
त्याला अल्क लागेल: दुप्पट, २.५११ मिलिमोल
ते सापडलं २५.५ मिलीत, म्हणून ०.०९८५ मोलर

आता नियम: ब्युरेटवरचं वाचन आधी मिलिमोल करायचं, मगच विचार करायचा. सूत्र वापरायला बंदी. एकाने विचारलं, परीक्षेतही का? परीक्षेत वेळ वाचवायला वापरा, पण दोन कुठून आला ते माहीत असू दे.

मग हायड्रोक्लोरिक आम्ल. काकांनी विरल करून ठेवलेलं. १०.० मिलीला ३०.६ मिली अल्क. इथे नातं एकास एक. म्हणजे १० मिलीत ३.०१३ मिलिमोल, मोलरता ०.३०१३. ५० मिली घेतलं तर १५.०७ मिलिमोल आम्ल, हा आकडा वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला.

कॅल्क्युलेटरवर आठ आकडे दिसतात म्हणून वहीत आठ उतरवणारे दोघे होते. वजनकाटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. दीड ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम म्हणजे ०.०६ टक्के. ब्युरेटमध्ये ०.१ मिलीची शंका धरली तर २५ मिलीत ०.४ टक्के. म्हणजे आमच्या साखळीतली कच्ची कडी ब्युरेट, आणि तिच्यामुळे चौथा आकडाही उपकारापुरताच.

२५ नोव्हेंबर

शिंपल्याची पूड ०.५१२ ग्रॅम. त्यावर आम्ल सरळ ब्युरेटने टाकून शेवट गाठता येत नाही, कारण पूड हळूहळू विरघळते आणि शेवटचे कण रेंगाळतात. म्हणून उलटा मार्ग: मोजून जास्तीचं आम्ल घालायचं, पूड पूर्ण संपू द्यायची, उरलेलं आम्ल अल्कने मोजायचं.

५० मिली आम्ल, म्हणजे १५.०७ मिलिमोल. जोरात फेस. फेस थांबल्यावर पाच मिनिटं मंद उकळलं, कारण द्रावणात राहिलेला कार्बन डायऑक्साइडही फिनॉल्फ्थॅलिनपर्यंत अल्क खातो आणि उरलेलं आम्ल खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. गार करून १०० मिली केलं. त्यातल्या २० मिलीला अल्क लागलं १०.४ मिली.

१०.४ × ०.०९८५ = १.०२४ मिलिमोल, पूर्ण १०० मिलीत ५.१२
खर्च झालेलं आम्ल: १५.०७ वजा ५.१२ = ९.९५ मिलिमोल
एका कार्बोनेटला दोन आम्ल, म्हणून कार्बोनेट ४.९७ मिलिमोल
ग्रॅममध्ये ०.४९८, म्हणजे शिंपल्याच्या ९७ टक्के

उरलेले तीन टक्के म्हणजे शिंपला बांधणारी प्रथिनं, थोडं पाणी, थोडा खार. तिसरीच्या शिंपल्यात कार्बोनेट ॲरागोनाइट या स्फटिकरूपात असतं, संगमरवरात कॅल्साइट. घनता वेगळी, कठीणपणा वेगळा, मोलचा हिशेब तोच.

निघालेला वायू गोळा करून बघायची हौस होती. ४.९७ मिलिमोल कार्बन डायऑक्साइड ३० अंश सेल्सियसला साधारण १२४ मिली जागा व्यापेल. पाण्यावर उलटा सिलिंडर धरला तर ९० च्या आसपासच जमला. पाण्यात विरघळतो, त्यामुळे या पद्धतीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. पण त्यातून २२.४ चा विषय निघाला तो बरा झाला. २२.४ लिटर हा आकडा शून्य अंश आणि एक वातावरण दाबाचा. आयुपॅकने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार केला, तेव्हापासून त्यांच्या व्याख्येनुसार २२.७. आणि आमच्या लॅबमध्ये शून्य अंश तापमान कधीच नसतं. इथे तो २४.९ च्या आसपास. मुलांना २२.४ हा मोलचाच गुणधर्म वाटतो, आणि तो घन-द्रवालाही लावून मोकळी होतात.

एकीचा प्रश्न लिहून ठेवते, कारण उत्तर आज देता आलं नाही इतका तो चांगला आहे: 'मॅडम, आपण आम्ल किती खर्च झालं ते मोजलं. ते कॅल्शियमनेच खाल्लं कशावरून? मॅग्नेशियमचं कार्बोनेट असलं तर?' बरोबर. आपण मोजतोय ते आम्ल खाणारं सगळं, आणि त्याला कॅल्शियम म्हणतोय. ज्योतीत विटकरी लाल रंग आला एवढाच पुरावा तूर्त हातात आहे. पुढे ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं रसायन) वापरून मोजावं लागेल.

२८ नोव्हेंबर

जवळच्या तंत्रशाळेने मफल भट्टी दिवसभर वापरायला दिली. दोन मुशी, प्रत्येकीत १०.००० ग्रॅम शिंपल्याचे तुकडे.

भट्टी लावण्याआधी भाकीत. ९७.२ टक्के धरून प्रत्येक मुशीत ९७.१ मिलिमोल कार्बोनेट. सगळं फुटलं तर तेवढाच मिलिमोल कार्बन डायऑक्साइड जाणार: ४.२७ ग्रॅम. मागे ऑक्साइड ५.४५ ग्रॅम, वर न जळणारी थोडी राख.

तापमान ९५० ठेवलं. कार्बोनेटच्या विघटनातून येणाऱ्या वायूचा दाब साधारण ९०० अंशांना एक वातावरण होतो. त्याखालीही ते फुटतं, पण सावकाश आणि वायू बाहेर वाहून नेला तरच. सुरुवातीला मुशीतून तडतड ऐकू येते. तुकडे उडू नयेत म्हणून झाकण अर्धवट.

पहिल्या भाजणीनंतर डेसिकेटरमध्ये (ओलावा न लागू देणाऱ्या बंद भांड्यात) गार करून वजन: ६.०७ ग्रॅम. अपेक्षेपेक्षा ०.६ जास्त. मी काही बोलले नाही, हिशेब त्यांनाच करू दिला. अजून ०.५६ ते ०.६० ग्रॅम वायू आत अडकलाय, ४४ ने भागलं तर १३ मिलिमोल, म्हणजे आठातला एक भाग अजून कच्चा. पुन्हा भाजलं: ५.५१. तिसऱ्यांदा: ५.५१. थांबलो. दुसरी मूस ५.५२.

भट्टीवाल्यांना हा हिशेब हाताला कळायचा. नीट भाजलेला शिंपला उचलला की हलका लागतो. कच्चा राहिलेला जड, आणि पाणी मारलं तरी न फुलणारा. त्या हलकेपणालाच आपण शेकडा ४४ म्हणतो.

२९ नोव्हेंबर

या प्रकल्पातला मला सर्वांत आवडणारा दिवस.

जोसेफ ब्लॅक हा स्कॉटलंडमधला वैद्यकाचा विद्यार्थी. १७५४ मध्ये एडिंबरोला प्रबंध, १७५६ मध्ये त्याचा विस्तारित लेख. त्या काळी समजूत अशी, की चुनखडी भाजली की तिच्यात अग्नीचं काहीतरी शिरतं आणि म्हणून कळीचा चुना इतका दाहक होतो. ब्लॅकने वजन केलं. १२० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं जुनं माप) खडू भाजून त्याला ६८ ग्रेन चुना मिळाला. आत काही शिरलं असेल ते असो, वजन मात्र घटलं होतं. बाहेर गेलं ते त्याने 'स्थिर हवा' म्हणून ओळखलं, म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड.

पण मला त्याची पुढची चाल जास्त महत्त्वाची वाटते. त्याने १२० ग्रेन खडू विरल आम्लात विरघळवला: आम्ल लागलं ४२१ ग्रेन. मग तेवढाच खडू आधी भाजला आणि तो चुना त्याच आम्लात विरघळवला: लागलं ४१४ ग्रेन. वजन जवळजवळ अर्ध्यावर आलं, आम्लाची भूक मात्र तीच. फरक दोन टक्क्यांच्या आत. ॲव्होगॅड्रोचं गृहीतक १८११ चं, मोल हा शब्द ओस्टवाल्डने रूढ केला तो १८९० च्या दशकात. ब्लॅककडे ना अणुवस्तुमानं होती ना रासायनिक सूत्रं. तरी 'भाजताना काहीतरी संख्येने तेवढंच राहतं' हे त्याने काट्यावर पकडलं.

तोच प्रयोग आम्ही केला. परवा ०.५१२ ग्रॅम शिंपला घेतला होता. तेवढ्या शिंपल्यापासून किती चुना होईल? ०.५१२ × ०.५५१ = ०.२८२ ग्रॅम. दुसऱ्या मुशीतली पूड बरोबर ०.२८२ घेतली. तेच ५० मिली आम्ल, तीच १०० मिलीची खूण, त्यातले तेच २० मिली. फेस नाही. नुसतं गरम झालं.

अल्क: १०.५ मिली.

मिलिमोलमध्ये ४.९५. परवाचं उत्तर ४.९७. ब्युरेटच्या एका रेघेइतका फरक.

शिंपले आणणारी मुलगी वहीकडे बघत म्हणाली, 'वजन खंयच्या खंय गेला, आकडो मात्र थंयच आसा.' फळ्यावर तिच्याकडून ते तसंच लिहून घेतलं.

फेस का नाही, हे सांगायला कुणाला वेळ लागला नाही. लागला तो दुसऱ्या प्रश्नाला: मग आम्ल दोन्हीकडे सारखंच का? कार्बोनेट असो की ऑक्साइड, एका कॅल्शियममागे दोन आम्ल, हे समीकरण लिहिल्यावर पटलं. पण पटायला समीकरणाच्या आधी तो १०.५ आकडा लागला.

२ डिसेंबर

चुना विझवला. गॉगल आणि हातमोजे सक्तीचे. चुना डोळ्यात गेला तर नुसती आग होत नाही, बुबुळ जळतं. पानाच्या चुन्याच्या पुडीशी खेळताना लहान मुलांच्या डोळ्यांना झालेल्या इजा डोळ्यांच्या डॉक्टरांना नवीन नाहीत. डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुणं, बराच वेळ, आणि मग दवाखाना. हे फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहिलं आणि पुसलं नाही.

ऑक्साइडच्या एका मोलला पाणी मिळालं की सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता निघते. आपल्याकडे ९७ मिलिमोल, म्हणजे ६.३ किलोज्यूल. ५० ग्रॅम पाण्यात ती सगळी गेली तर तापमान ३० अंशांनी चढायला हवं. थर्माकोलच्या पेल्यात २८ वरून ५४ पर्यंत गेलं. २६ अंश. पेला, थर्मामीटर आणि हवा यांनी आपला वाटा घेतला.

मुलांना वाटलं होतं की जितकं पाणी कमी तितका चुना 'कमी तापेल'. उलट. समीकरणापुरतं पाणी घातलं, म्हणजे ९७ मिलिमोल, जेमतेम पावणेदोन ग्रॅम, तर तीच ६.३ किलोज्यूल इतक्या थोड्या ऐवजात कोंडते आणि पाण्याची वाफ होऊन चुना उडतो. म्हणून हा भाग कागदावरच केला. पाणी इथे दोन कामं करतं: थोडं अभिक्रियेत जातं, बाकीचं उष्णता शोषतं. मर्यादक, म्हणजे आधी संपणारा, कोण, असं विचारलं तर कळीचा चुना. पाणी जवळजवळ तीसपट जास्त आहे.

गाळ ओव्हनमध्ये ११० अंशांवर रात्रभर.

३ डिसेंबर

कोरडा विझलेला चुना ७.३४ ग्रॅम. भाकीत ७.१९, वर मघाची राख ०.०६, म्हणजे ७.२५. हे ०.०९ ग्रॅम जास्त कुठून?

मुलांचा पहिला संशय ओलाव्यावर. पुन्हा दोन तास ओव्हनमध्ये ठेवलं, वजन तेच. मग आम्लाचा थेंब टाकला: बारीक बुडबुडे. वाळता वाळताच हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरलाय. हायड्रॉक्साइडच्या एका मोलचं कार्बोनेट होताना ४४ ग्रॅम येतात, १८ ग्रॅम पाणी जातं, निव्वळ वाढ २६ ग्रॅम. ०.०९ ÷ २६ = ३.५ मिलिमोल. सत्त्याण्णवातले साडेतीन परतीच्या वाटेला आधीच लागले.

वजनातल्या फरकाला २६ ने भागायचं, ही युक्ती पुढच्या महिनाभर उपयोगी पडणार आहे. वहीत चौकट केली.

५ डिसेंबर

चुन्याची निवळी. जास्तीचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर बसू दिला, वरचं स्वच्छ पाणी गाळलं. २५ मिलीला दहापट विरल केलेलं आम्ल (०.०३०१ मोलर) ३४.८ मिली. मिलिमोल १.०४९, त्याचे निम्मे कॅल्शियम हायड्रॉक्साइड: ०.५२४. म्हणजे लिटरला ०.०२१ मोल, दीड ग्रॅमच्या थोडं वर.

एवढंच विरघळतं. आपला सगळा चुना विरघळवायचा तर साडेचार लिटरपेक्षा जास्त पाणी लागेल. शिवाय पाणी गरम केलं तर आणखी कमी विरघळतो. बहुतेक क्षारांच्या उलट. गरम निवळी गढुळते ती त्यामुळेही.

नळीतून फुंकर. २५ मिली निवळीतल्या ०.५२४ मिलिमोलला तेवढाच कार्बन डायऑक्साइड लागतो: १३ मिली शुद्ध वायू. उच्छ्वासात तो चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशे मिली श्वास. एका फुंकरीत पांढरं होतं ते याचमुळे. बराच वेळ फुंकत राहिलं तर पुन्हा निवळतं, बायकार्बोनेट होऊन. 'फुंकर मारली की पांढरं' एवढंच पाठ असलेल्यांना दुसरा भाग जादू वाटला.

९ डिसेंबर

परतीचा प्रवास सुरू. कोरडा विझलेला चुना १.००० ग्रॅम, काचेच्या बशीत पातळ पसरला, पाणी शिंपडून ओलसर ठेवला. पूर्ण कोरडा असेल तर वायू घेत नाही, चिखल झाला तर वायू आत पोचत नाही. दमट राखणं महत्त्वाचं. वजनाआधी प्रत्येक वेळी ओव्हनमध्ये वाळवायचं.

भाकीत: या एका ग्रॅममध्ये १३.२३ मिलिमोल कॅल्शियम. साडेतीन टक्के आधीच कार्बोनेट झालेलं वजा केलं तर १२.७५ मिलिमोल अजून बाकी. प्रत्येकी २६ ने वाढ: ०.३३ ग्रॅम. शेवटचं वजन १.३३ च्या वर जाता कामा नये.

मग कुणीतरी विचारलं, दहा ग्रॅम शिंपल्यातला सगळा वायू हवेतून परत मिळवायचा तर हवा किती लागेल? हा हिशेब मीही आधी केलेला नव्हता. हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात साधारण ४२० भाग. ९७.१ मिलिमोलसाठी २३१ मोल हवा. २४.९ ने गुणलं: ५,७५० लिटर. पावणेसहा घनमीटर, आमची स्टोअररूम छतापर्यंत. तीही शेवटच्या रेणूपर्यंत पिळून घेतली तर. मूठभर शिंपल्यांना. चुन्याच्या भिंती पूर्ण पक्क्या व्हायला वर्षं का लागतात हे यावरून दिसतं: वायू विरळ, आणि बाहेरचा थर आधी कडक होऊन आतल्याची वाट अडवतो.

१६ डिसेंबर

१.११८ ग्रॅम. ०.११८ ÷ २६ = ४.५ मिलिमोल. तिसऱ्या भागाहून थोडं जास्त.

मोकळा वेळ होता, म्हणून संख्येचा विषय काढला. ९७.१ मिलिमोल म्हणजे कॅल्शियमचे किती अणू? ५.८५ गुणिले १० चा २२ वा घात. मुलं हा आकडा ऐकून नेहमीसारखी हरखली. मला त्याचं तितकं कौतुक नाही. आपल्या अख्ख्या प्रकल्पात तो एकदाही लागला नाही. लागलं ते प्रमाण: एकास दोन, एकास एक.

तरी व्याख्या सांगितली. १९७१ पासून मोल म्हणजे कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममध्ये जितके अणू तितकी संख्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्सायला ठराव झाला आणि २० मे २०१९ पासून ती संख्याच ठरवून टाकली: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, नेमकी. त्यासाठी सिलिकॉन-२८ चे जवळजवळ निर्दोष गोल घडवून, त्यांचा स्फटिक क्ष-किरणांनी मापून अणू मोजले होते. एकाने लगेच विचारलं, मग आपला १००.०९ बदलला का? नाही. फरक पडलाच तर अब्जात एका भागाहून कमी. आमच्या ब्युरेटला तो दिसणार नाही.

२३ डिसेंबर

१.१८७. वेग मंदावतोय. बशीत वरची खपली फोडून पूड पुन्हा पसरली. नाताळच्या सुट्टीत पाणी शिंपडायचं काम काकांनी आपणहून घेतलं.

६ जानेवारी २०२५

१.२६२ ग्रॅम, १०.१ मिलिमोल, जवळपास ऐंशी टक्के. सुट्टीत काकांनी रोज शिंपडलेलं दिसतंय.

सोडियम हायड्रॉक्साइड ताज्या ऑक्झॅलिकने पुन्हा तपासलं. नोव्हेंबरात ०.०९८५ होतं, आता ०.०९७२. बाटली बंद असूनही. चुन्यासारखंच तेही हवा खातं.

१३ जानेवारी

१.२८१ ग्रॅम. १०.८ मिलिमोल, पंच्याऐंशी टक्के. इथेच थांबतो, प्रदर्शनाच्या तारखेला शंभर टक्के होणार नाही आणि व्हायची गरजही नाही.

कारण ब्लॅकची चाल पुन्हा एकदा. बशीतली पूड आता अर्धवट मिसळ आहे: बरंचसं कार्बोनेट, थोडं हायड्रॉक्साइड. पण कॅल्शियम सुरुवातीचंच, १३.२३ मिलिमोल. ०.४८४ ग्रॅम घेतलं तर त्यात ५.०० मिलिमोल असायला हवं. हा आकडा मुलांनी आधी कागदावर लिहून मला दिला, मग आम्ल ओतलं. फेस परत आला. पाच मिनिटं उकळणं, १०० मिली, त्यातले २० मिली. अल्क १०.४ मिली, नव्या मोलरतेने १.०११ मिलिमोल, पूर्णाचे ५.०५. खर्च १५.०७ वजा ५.०५, त्याचे निम्मे.

५.०१.

तक्त्यावर चार ओळी जातील, ग्रॅमचा रकाना डावीकडे आणि मोलचा उजवीकडे. ग्रॅमचे आकडे छोटे लिहायचे असं मुलांनीच ठरवलंय.

मॅग्नेशियमचा प्रश्न अजून उभा आहे. विचारणारीलाच काम दिलं: ईडीटीएचं ०.०१ मोलर द्रावण, एकदा सामू (पीएच) १० ला दोन्ही मिळून, एकदा १२ च्या वर, जिथे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं आणि फक्त कॅल्शियम मोजलं जातं. बफर आणि इंडिकेटर मागवले आहेत. त्यासाठी १० ग्रॅम शिंपले बाजूला काढून ठेवले. पिशवीवर तारीख आणि 'भाजू नये' असं लिहिलंय.